नावांची नोंदवही

पत्रावर पत्ता लिहिताना आपण प्रथम व्यक्तीचे नाव लिहितो. मग मुक्काम, पोस्ट, तालुका आणि सर्वांत शेवटी जिल्हा. लिहिणारा लहानाकडून मोठ्याकडे जातो. टपालाची वर्गवारी करणारा मात्र पत्ता शेवटाकडून वाचतो. त्याला आधी जिल्हा हवा असतो. इंटरनेटवरील नावांची रचना नेमकी अशीच आहे. एखाद्या संस्थेच्या नावापुढे 'डॉट सीओ डॉट इन' किंवा नुसते 'डॉट इन' असे आपण पाहतो, तेव्हा त्यातले शेवटचे 'इन' हा जिल्हा समजावा. संगणक शोधास लागतो तो तेथून.

यंत्रे परस्परांना आकड्यांनी ओळखतात. माणसाच्या ध्यानात आकडे राहत नाहीत, म्हणून आकड्यांना नावे द्यावी लागली. नावे दिली की कोणते नाव कोणाचे हे लिहून ठेवणारी वही आली, आणि वही आली की ती सांभाळणारा आला. माझी नोकरीतील बहुतेक वर्षे सरकारी दप्तरांच्या सहवासात गेली असल्यामुळे, या साऱ्या व्यवहारात यंत्रापेक्षा त्या वहीचे आणि ती सांभाळणाऱ्याचेच मला कुतूहल अधिक वाटते. भारताच्या नावाची ही वही कोणाच्या हाती, कशी आणि कोणत्या अधिकाराने आली, ते आज सांगावयाचे आहे.

प्रारंभी सगळ्या जगाची मिळून एकच वही होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या आर्पानेट या जाळ्यातील सर्व संगणकांची नावे एका यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाईंचा छोटासा विभाग राखीत असे. नवे नाव घालावयाचे तर त्यांना कळवावे, त्यांनी यादीत घालावे आणि प्रत्येक संगणकाने त्या यादीची ताजी प्रत उतरवून घ्यावी, असा शिरस्ता होता. जाळे लहान होते तोवर हे चालले. पुढे यादी लांबत गेली, प्रती शिळ्या होऊ लागल्या आणि एका कार्यालयावर सारा भार पडला. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने निराळी योजना सुचविली. एका वहीऐवजी अनेक वह्या असाव्यात. वरच्या वहीत सारी नावे लिहिण्याची गरज नाही. खालची वही कोणाजवळ मिळेल एवढेच तीत लिहिलेले असावे. जिल्ह्याच्या दप्तरात प्रत्येक शेताची नोंद नसते. कोणत्या गावाचे दप्तर कोणाकडे आहे एवढे तेथे कळले म्हणजे पुरे, तसाच हा प्रकार. ही योजना आज चाळीस वर्षांनंतरही कायम आहे.

मग प्रश्न आला तो सर्वांत वरच्या वहीचा. तीत कोणती नावे असावीत? १९८४ च्या ऑक्टोबरात जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. व्यापारी संस्था, शिक्षणसंस्था, अमेरिकेचे शासन, तेथील सैन्य आणि इतर संस्था यांच्यासाठी काही सामान्य नावे ठरली. आणि त्याशिवाय प्रत्येक देशाला दोन अक्षरांचे एक नाव द्यावे असे ठरले.

पण देश कोणते? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. पोस्टेल हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेत काम करणारे दाढीवाले, साधे गृहस्थ होते. ते काही परराष्ट्रमंत्री नव्हते. अमुक प्रदेश हा देश आहे की नाही याचा निवाडा त्यांनी करावयाचा म्हटले असते, तर त्यांच्या दाराशी जगातील सर्व वकिलाती रांगेत उभ्या राहिल्या असत्या. त्यांनी एक युक्ती केली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७४ पासून देशांची व प्रदेशांची दोन-अक्षरी संक्षिप्त नावे ठरवून ठेवलेली होती. ही यादी कोणी, कशी वाढवावयाची याची रीत ठरलेली होती. पोस्टेल यांनी तीच यादी जशीच्या तशी उचलली. यादीत नाव असेल तर वहीत पान मिळेल. यादीत नाव घालणे हे आमचे काम नाही. कारकुनी शहाणपणाचे इतके सुरेख उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही. पॅलेस्टाइनचे नाव त्या यादीत १९९९ साली आले आणि २००० साली त्याला इंटरनेटवर आपले अक्षरद्वय मिळाले. पोस्टेल यांच्या पश्चातही त्यांच्या युक्तीने एक अवघड वाद असा परस्पर सुटला.

अपवाद झालेच. ब्रिटनला यादीप्रमाणे 'जीबी' ही अक्षरे मिळावयाची, पण तेथील विद्यापीठांत 'यूके' आधीच रूढ होते, ते १९८५ साली तसेच नोंदले गेले. शिवाय हे इंग्रज गृहस्थ आपल्या विद्यापीठीय जाळ्यात पत्ता उलटा, म्हणजे देशाकडून विभागाकडे लिहीत. संगणकशास्त्र विभागाची 'सीएस' ही अक्षरे मग शेवटी येत, आणि पुढे चेकोस्लोव्हाकियालाही तीच अक्षरे मिळाल्यावर विभागाचे पत्र प्रागच्या वाटेला लागण्याचा संभव निर्माण झाला! अखेर ब्रिटनने इतरांप्रमाणे लिहावयास सुरुवात केली. सोव्हिएत संघाला १९९० साली 'एसयू' मिळाले. पुढल्याच वर्षी संघ विसर्जित झाला, तरी ते नाव वहीतून गेले नाही.

आता महत्त्वाचा भाग. पान तर ठरले. ते सांभाळावयास द्यावयाचे कोणाला? सरकारकडे सोपवावे असा नियम पोस्टेल यांनी केला नाही. त्या काळी बहुतेक सरकारांना इंटरनेट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. ज्या देशातून कोणी जाणता, विश्वासू माणूस पुढे येईल, ज्याच्याजवळ चालू यंत्र असेल आणि ज्याच्याविषयी त्या देशातील संबंधितांची तक्रार नसेल, त्याला ते देऊन टाकीत. १९९४ च्या मार्चमध्ये त्यांनी ही रीत लेखी मांडली. तीतील मुख्य मुद्दा असा की, असे नाव सांभाळणारा हा विश्वस्त आहे. त्याने हक्काची आणि मालकीची भाषा करू नये, जबाबदारीची व सेवेची करावी. आपल्याकडे कुलकर्णी वतने होती. दप्तर सांभाळण्याचे काम वंशपरंपरेने चाले आणि हळूहळू दप्तर ही सांभाळणाऱ्याची जिंदगी होऊन बसे. ती वतने संपविण्यासाठी १९५० साली मुंबई राज्याला कायदा करावा लागला. नव्या जगातील दप्तराचे वतन होऊ नये अशी काळजी पोस्टेल यांनी आरंभीच घेतली होती, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र काळजी आणि परिणाम यांत अंतर पडतेच. काही देशांत नाव एका प्राध्यापकाकडे गेले, काही ठिकाणी परदेशातील व्यापाऱ्याकडे गेले, आणि ते परत मिळविताना सरकारांना बरीच यातायात करावी लागली.

भारताचे नाव वहीत आले ते ८ मे १९८९ रोजी. त्याआधी १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हे शिक्षण व संशोधनाचे जाळे उभारावयास घेतले होते. बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, त्या वेळच्या पाचही आयआयटी, खुद्द तो विभाग आणि मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी असे त्याचे आठ घटक होते. यांतील शेवटची संस्था जुहूला होती. तिचा उगम टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झालेला, डॉ. श्रीनिवासन रमाणी हे तिचे संचालक होते. मुंबईतल्या मुंबईत, जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून संगणकीय पत्रांची जी देवघेव सुरू झाली, ती या जाळ्याची पहिली खूण. पुढे जुहूहूनच अमेरिकेशी तार जोडली गेली. देशाबाहेर जाणारे दार ज्या घरात होते, त्याच घराकडे देशाच्या नावाची वही आली, यात नवल काही नव्हते. संसदेत चर्चा झाली नाही, राजपत्रात अधिसूचना निघाली नाही. ज्या दोन अक्षरांखाली पुढे लक्षावधी नावे यावयाची होती, ती अक्षरे अशी शांतपणे मुंबईच्या एका उपनगरात येऊन राहिली.

या संस्थेने वही स्वच्छ ठेवली, याबद्दल दुमत नाही. नाव मागणारी संस्था खरोखर अस्तित्वात आहे काय, मागितलेल्या नावाशी तिचा काही संबंध आहे काय, हे कागदपत्रांवरून पाहिले जाई. थेट 'डॉट इन' असे नाव मिळत नसे. व्यापारी कंपनीने 'सीओ'खाली, शिक्षणसंस्थेने 'एसी'खाली, शासनाने 'जीओव्ही'खाली यावे, अशी वर्गवारी होती. १९८९ साली ही सोवळी पद्धत योग्यच होती. मागणारे मूठभर, देणारेही मूठभर, आणि सारे एकमेकांना ओळखणारे. ब्रिटनमध्येही असेच होते. तेथे जाणकारांची एक समिती प्रत्येक नाव पारखून घेई. परंतु १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले आणि स्थिती पालटली. ब्रिटनने पुढच्याच वर्षी समितीचा कारभार आवरून नॉमिनेट नावाची स्वतंत्र, नफा न वाटणारी संस्था काढली. आपण आणखी आठ वर्षे जुन्याच पद्धतीने चाललो.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २००४ अखेर, शंभर कोटींहून अधिक लोकवस्तीच्या या देशाच्या नावाखाली अवघी सात हजारांच्या आसपास नावे नोंदलेली होती. याचा अर्थ भारतीयांना नावे नको होती असा नाही. त्यांनी ती 'डॉट कॉम'मध्ये घेतली. तेथे कोणी काही विचारीत नसे. सप्टेंबर १९९५ पासून तेथे शुल्क सुरू झाले, पहिल्या दोन वर्षांचे शंभर डॉलर. ते भरले की काम झाले. पुण्याच्या कारखानदाराने आणि सुरतेच्या कापड व्यापाऱ्याने आपल्या दुकानाची पाटी अमेरिकेच्या वहीत लिहिली, कारण घरच्या वहीत लिहावयास सवड लागत होती. कडक नियमांनी दप्तर निर्दोष राहते हे मी मान्य करतो. पण लोक ज्या दप्तराकडे फिरकत नाहीत, त्याच्या निर्दोषपणाचा उपयोग काय, हा प्रश्न महसुलापासून परवान्यांपर्यंत प्रत्येक खात्याला पडावयास हवा. तो येथे पडावयास फार वेळ लागला, असे माझे मत आहे.

या मधल्या काळात न्यायालये मात्र स्वस्थ नव्हती. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ' आणि 'रॅडिफ' या दोन नावांचा वाद आला. एका अक्षराचा फरक, पण गिऱ्हाईक चुकावे एवढा पुरेसा. न्यायालयाने असे म्हटले की, इंटरनेटवरील नाव हे केवळ पत्ता नसून व्यापारी ओळख आहे आणि तिला संरक्षण मिळाले पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने 'याहू'च्या नावाबाबत त्याच वर्षी तसाच पवित्रा घेतला. पुढे ६ मे २००४ रोजी सत्यम इन्फोवे आणि सिफीनेट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका पक्की केली. अशा नावांसाठी वेगळा कायदा नसला तरी व्यापारचिन्हांच्या कायद्यातील तत्त्वे त्यांना लागू होतात, असा तो निर्णय. येथे एक गोष्ट लक्षात यावी. नाव ज्याने आधी नोंदले त्याचेच, असे न्यायालयांनी मानले नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर नाव चढले म्हणजे जमिनीची मालकी सिद्ध झाली, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. नोंद हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे हे न्यायालयांनी वारंवार सांगूनही तो जात नाही. इंटरनेटच्या वहीतही नोंद आणि हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्याच २००४ सालच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने नवे धोरण जाहीर केले. वही जुहूहून हलली. (ती जुहूची संस्था तोवर सी-डॅकमध्ये विलीन झालेली होती.) आता ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या २००३ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे आली. ही संस्था सरकारच्या प्रेरणेने निघालेली, परंतु कंपनी कायद्याखाली नोंदलेली आणि नफा न वाटणारी आहे. शासनाची नावे देण्याचे काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे व विद्यासंस्थांच्या नावांचे अर्नेटकडे राहिले. उरलेल्या सर्वांसाठी दार उघडले, आणि पहिल्या मागणीदाराला पहिले नाव हा नियम लागू झाला. थेट 'डॉट इन' असे नावही मिळू लागले. तथापि एकदम झुंबड उडू नये म्हणून १ जानेवारी २००५ पासून काही आठवडे केवळ नोंदणीकृत व्यापारचिन्हांच्या धारकांसाठी राखून ठेवले होते. इंग्रजीत या मुदतीला 'सूर्योदय' असे काव्यमय नाव आहे. १६ फेब्रुवारीला सामान्यजनांचा दिवस उजाडला. जी संख्या पंधरा वर्षांत गाठता आली नव्हती, ती पाहता पाहता मागे पडली. आज 'डॉट इन'खालील नावे तीस लाखांच्या कितीतरी पुढे गेली आहेत.

पारखून नावे देणे बंद झाल्यावर तंटे वाढणार हे उघड होते. त्यासाठी जून २००५ मध्ये लवादाची पद्धत सुरू झाली. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवावयाच्या: ते नाव आपल्या नावासारखे किंवा चिन्हासारखे आहे, ते घेणाऱ्याचा त्यावर काही न्याय्य संबंध नाही, आणि त्याने ते कुटिल हेतूने घेतले आहे. लवादाला पटले तर नाव एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पूर्वी दाराशी होणारी चौकशी आता घरात शिरल्यावर, आणि तीही कोणी तक्रार केली तरच होते. ज्याच्यापाशी वकील आहे त्याला ही पद्धत बरी. पण ज्या छोट्या दुकानदाराच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन कोणी लोकांना फसवितो, त्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर तितके सोपे नाही.

आणखी एक शब्द समजून घेतला पाहिजे. आपल्या प्रशासनात 'रजिस्ट्रार' म्हटले की शिक्का बाळगणारा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. येथे तसे नाही. वही निक्सीची, परंतु ग्राहकाला नाव विकतो तो 'रजिस्ट्रार' हा एक परवानाधारक व्यापारी असतो, बराचसा आपल्या मुद्रांक विक्रेत्यासारखा. नाव कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांपुरते मिळते आणि मुदत संपताच पुन्हा शुल्क भरावे लागते. ते भरावयाचे राहिले तर काही काळाने ते नाव बाजारात येते. माझ्या माहितीतील एका सार्वजनिक संस्थेचे नाव असेच गेले. ज्या कर्मचाऱ्याच्या खाजगी पत्त्यावर सूचना येत, तो निवृत्त झालेला होता. नव्या धन्याने त्या नावावर जुगाराच्या जाहिराती लावल्या, आणि संस्थेच्या जुन्या छापील पत्रिकांवरून वाचून येणारे ग्रामस्थ कित्येक महिने तेथे जाऊन पोहोचत होते. शासकीय कार्यालयांनी आपल्यासाठी राखलेल्या 'जीओव्ही डॉट इन'खालीच राहावे असा आग्रह का धरला जातो, ते अशा वेळी समजते.

हे सर्व होत असताना सर्वांत वरच्या वहीचे काय झाले, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९९८ च्या जानेवारीत पोस्टेल यांनी मुख्य संगणक चालविणाऱ्यांपैकी आठ जणांना एक पत्र पाठविले, की यापुढे मूळ यादी अमेरिकन सरकारच्या कंत्राटदाराकडून न घेता माझ्या संगणकावरून घ्या. आठांनीही मानले! वॉशिंग्टनहून निरोप आल्यावर त्यांनी ते मागे घेतले, पण एका माणसाच्या शब्दावर किती उभे आहे हे सर्वांना दिसून आले. त्याच वर्षी आयकॅन ही संस्था स्थापन झाली, आणि थोड्याच दिवसांत, १६ ऑक्टोबरला, पोस्टेल निवर्तले. वरच्या वहीवरील अमेरिकन सरकारची देखरेख त्यानंतरही चालू राहिली. ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली. दरम्यान २००५ साली ट्युनिस येथे भरलेल्या जागतिक परिषदेत, एका देशाच्या नावासंबंधीच्या निर्णयात दुसऱ्या देशाने ढवळाढवळ करू नये, हे राष्ट्रांनी मान्य केले. पॅसिफिक महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशाला 'टीव्ही' ही अक्षरे योगायोगाने मिळाली होती. दूरचित्रवाणीच्या कंपन्यांना ती हवीहवीशी वाटली आणि त्यांच्या भाड्यावर त्या देशाला मोठे उत्पन्न मिळू लागले. दोन अक्षरांचीही अशी खाण होऊ शकते.

आपल्या 'डॉट इन'चे तांत्रिक काम निक्सी स्वतः न करता कंत्राटाने करून घेते. प्रारंभी ते अफिलियास या विदेशी कंपनीकडे होते, पुढे कंत्राटदार बदलले. देशाचे नाव परक्याच्या यंत्रावर का, असा आक्षेप काही लोक घेतात. मला त्यात तितके वावगे वाटत नाही. लेखक भाड्याचा असला तरी चालेल, दप्तर आपले असले आणि लेखक बदलता आला म्हणजे झाले. तो बदलता आला आहे.

शेवटी आपल्या लिपीविषयी. इतकी वर्षे नावे रोमन अक्षरांतच लिहावी लागत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'डॉट भारत' हे देवनागरी नाव नोंदणीस खुले झाले. हिंदी, कोकणी, मैथिली, नेपाळी इत्यादींबरोबर मराठीसाठीही. पुढे इतर लिप्यांची भर पडून संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांची सोय झाली. या भाषांचे अक्षरनियम बसविण्याचे काम पुण्याच्या सी-डॅकमधील मंडळींनी केले, आणि ते सोपे नव्हते. देवनागरीतला 'ठ' आणि गुरुमुखीतला 'ठ' डोळ्यांना एकच दिसतात, यंत्राला मात्र दोन. ज्याला फसवावयाचे आहे त्याला एवढी फट पुरते. मराठीचा तर स्वतंत्र प्रश्न आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. हिंदी वाचकाला हा भेद सहसा जाणवत नाही, आपल्याला तो सोडता येत नाही.

आणि इतके झाल्यावरही, श्रोतेहो, वरच्या वहीत आपले 'भारत' देवनागरीत लिहिलेले नाही. जुनी यंत्रणा रोमन अक्षरे व आकडेच ओळखते, म्हणून प्रत्येक देवनागरी नावाचे एका ठराविक रीतीने रूपांतर करावे लागते. 'भारत' त्या वहीत 'एक्स-एन', पुढे दोन आडव्या रेघा, आणि मग 'एच-२-बी-आर-जे-९-सी' असे नोंदलेले आहे. इंदूरच्या किंवा बेळगावच्या एखाद्या मराठी दुकानदाराने आपले नाव देवनागरीत घेतले, तर त्याच्या पाटीच्या मागेही अशीच एक रोमन चिठ्ठी चिकटलेली असते. ती त्याला दिसत नाही, पण पत्रव्यवहाराच्या काही आज्ञावलींना अजून देवनागरी पत्ता उमगत नाही आणि त्या तो नाकारतात. तेव्हा बहुतेक दुकानदार दोन्ही पाट्या लावतात. एक 'भारत'ची, एक 'इन'ची.